माळावरचं घर आणि डेअरीची वाट : नैराश्याचं एक प्रकरण

करवीर तालुक्यातल्या, पंचगंगेकाठच्या एका गावातलं हे प्रकरण. बाई ५८ वर्षांच्या. त्यांना इथे आक्का म्हणू. ओळख पटू नये म्हणून नाती, अंतरं आणि काही बारकावे बदलले आहेत. मी या भागात समुपदेशनाचं काम करतो. गावच्या आशा सेविका (त्यांना आशाताई म्हणतो), उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांच्यासोबत आम्ही आक्कांच्या घरी वर्षभर जात-येत होतो. मन उदास आहे म्हटलं की ‘जरा चालायला जात जा’ असं आपण पटकन सांगून टाकतो. कुठल्या वाटेनं, कुणाकडं आणि कशासाठी, हे मात्र कुणी विचारत नाही. आक्कांचं सगळं अडलं होतं ते नेमकं तिथंच, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

आक्कांचं सासर गावठाणात, नदीकडच्या गल्लीत. पती वारून बरीच वर्षं झाली. मुलगा एमआयडीसीत कामाला, सून घर आणि दोन म्हशी बघते, नातू शाळेत. २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं. २०२१ मध्ये पुन्हा आलं आणि मागची भिंत घेऊन गेलं. राजाराम बंधाऱ्यावर नदीची पातळी ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे नदीकाठच्या पोरांनाही पाठ असतात. दुसऱ्या पुरानंतर मुलानं ठरवलं की आता इथं राहायचं नाही. माळावर त्यांची थोडी जमीन होती. कर्ज काढून तिथं स्लॅबचं घर बांधलं आणि २०२२ च्या दिवाळीनंतर सगळे तिकडं राहायला गेले.

मुलाचा निर्णय बरोबरच होता. पाण्याची भीती गेली, घरात नळ आला, संडास-बाथरूम आलं, गोठा भिंतीला लागूनच. आईला आता काही करावं लागू नये, अशी त्याची मनापासून इच्छा होती, आणि त्यानं तशी सोयही केली. दूध न्यायला गाडी दारात येते. भाजीचा टेम्पो येतो. दळण मुलगा दुचाकीवरून आणतो.

अडचण

पहिले काही महिने बरे गेले. उन्हाळ्यापासून गुडघे दुखायला लागले. मग ‘आता तुम्ही वाकू नका’ म्हणून शेण काढायचं काम सुनेनं काढून घेतलं. पहाटे तीनला जाग यायची ती पुन्हा झोप नाही. जेवण कमी झालं. भाचीच्या लग्नाला ‘पाय दुखतात’ म्हणून गेल्या नाहीत. खाजगी दवाखान्यात दोनदा सलाईन झालं, ताकदीची इंजेक्शनं झाली. घरात कुणाच्या तोंडी उदासी हा शब्द आला नाही. आपल्याकडं ती अशीच येते, अंग मोडून येतं, डोकं जड होतं, हातापायाला मुंग्या येतात. फार तर ‘जीव रमत न्हाई’ एवढं कानावर पडतं.

२०२३ च्या पावसाळ्यात आशाताई तिशीवरच्या लोकांची तपासणी यादी भरायला माळावर गेल्या. बीपी-शुगरच्या प्रश्नांसोबत या यादीत मनाबद्दल दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला नाही असं किती वेळा झालं, आणि उदास किंवा हताश किती वेळा वाटलं. आक्का म्हणाल्या, “काय नाही, बरं चाललंय.” यादी तिथंच मिटली असती. पण आशाताई त्याच गल्लीतल्या. डेअरीच्या रांगेत आक्का नेहमी पहिल्या असायच्या, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, “आक्का, डेअरीत दिसत न्हाईसा अलीकडं?” आक्कांना रडू कोसळलं.

या प्रकरणातला पहिला निर्णय हा आशाताईंचा, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. छापील प्रश्नाला छापील उत्तर मिळालं होतं. माणूस आधी कसं होतं हे जिला माहीत होतं, तिनं ते उत्तर मान्य केलं नाही.

उपकेंद्रात नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही चाचणी घेतली. तिचे गुण ० ते २७ असतात. १० पासून पुढं मध्यम नैराश्य धरतात, १५ पासून पुढं मध्यम ते तीव्र. आक्कांचे १६ आले. शेवटचा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो विचारल्यानं असा विचार डोक्यात येतो ही समजूत खोटी आहे, उलट विचारल्यावर माणूस मोकळं होतं. आक्का म्हणाल्या, “सकाळी उठलोच न्हाई तर बरं हुईल असं वाटतंय.” काही करून घेण्याचा बेत नव्हता. तरीही त्याच दिवशी मुलाशी बोलून घरातली सगळी कीटकनाशकं आणि तणनाशकं कुलपात गेली, आणि किल्ली घराबाहेर चुलतभावाकडं. शेतकरी घरात ही पहिली गोष्ट करायची. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत नंबर सुनेच्या मोबाईलमध्ये घालून दिला. मराठीत बोलता येतं, दिवसरात्र.

डॉक्टरांनी हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर आणि बी-१२ तपासून घेतलं. थायरॉईड कमी असलं तरी माणूस असंच मंदावतं, म्हणून हे टाळून चालत नाही. बी-१२ थोडं कमी निघालं, बाकी ठीक. गुडघ्यांची झीज वयाच्या मानानं नेहमीची होती.

दिवसाचा नकाशा

पुढच्या भेटीत मी आक्कांना एकच गोष्ट सांगायला लावली. गावठाणात असताना दिवसभरात पाय कुठं कुठं जायचे? त्या सांगत गेल्या आणि आशाताई नातवाच्या वहीत रेघा काढत गेल्या. पहाटे म्हशीचं, मग किटली घेऊन डेअरी. येताना देवळात. धुणं घेऊन घाटावर, गोधड्या आणि जाड कपडेही तिथंच. दोन दिवसांआड गिरण. दुपारी जावेच्या दारात तांदूळ निवडायला. संध्याकाळी पुन्हा डेअरी आणि तिथून पुढं पारावर, वीज येईपर्यंत. कुठलंच अंतर मोठं नव्हतं. पण दिवसाकाठी त्याची बेरीज मोठी होती, आणि प्रत्येक फेरीत चार माणसं भेटत होती.

मग माळावरचा नकाशा. स्वयंपाकघर, पडवी, गोठा, नळ. वहीच्या पानावर एक चौकोन उरला.

याला व्यायाम म्हणायचं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. जुन्या गल्लीनं त्यांना आयुष्यभर चालवलं होतं, आणि नव्या घराच्या सोयींनी एकेक करून बाहेर पडायची सगळी कारणं काढून घेतली होती. नळ आणि संडास नको होते, असं यातून कुणी काढू नये. बाईमाणसाच्या डोक्यावरचा हंडा उतरला ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्या हंड्याबरोबर वाटेवरच्या गप्पाही उतरतात. त्यांची भरपाई कशी होणार, हे घर बांधताना कुणी बघत नाही.

मी विचारलं, मग आता चालत का जात नाही? उत्तर सरळ होतं. “कुठं जाऊ? आणि कुणाकडं?”

खरोखरच वाट नव्हती. गावात जायला दोन रस्ते. डांबरी रस्त्याला बाजूपट्टी नाही, डंपर आणि ट्रॅक्टर अंगावरून जातात. दुसरी पाणंद, साधारण सव्वा किलोमीटरची. पावसाळ्यात तिथं घोट्याएवढा चिखल आणि दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस. आत गेलं की ना घर दिसतं ना गाव, सापाची भीती वेगळीच. मध्ये पोल्ट्रीच्या शेडवर चार कुत्री मोकळी. दिवा एकही नाही. शिवाय बाईमाणूस हातात काही नसताना रस्त्यानं निघालं की भेटेल तो विचारणार, “कुठं निघालासा?” या प्रश्नाला ‘फिरायला’ हे उत्तर शहरात रंकाळ्यावर चालतं, खेड्यात जिभेवर येत नाही.

कोणते पर्याय होते

मुलाच्या मनात घरातली व्यायामाची सायकल घ्यायची होती. सुनेला वाटत होतं, काही दिवस लेकीकडं पुण्याला पाठवावं. आक्कांच्या मनात एकच होतं, जुन्या घरात परत जायचं. त्यांनी ते दबक्या आवाजात एकदाच सांगितलं.

परत जाण्याचा पर्याय आम्ही पहिल्या झटक्यात मोडीत काढला नाही. ओळखीच्या जागेची ओढ हा आजार नाही. पण मागची भिंत पडलेली, पुढचा पावसाळा ठरलेला, आणि पुराच्या रात्री एकट्या बाईला तिथून काढायचं कुणी, हा प्रश्न मुलानं विचारला तेव्हा आक्काच गप्प झाल्या. लेकीकडं जाणं म्हणजे आणखी एक अनोळखी परिसर. सायकलनं पाय हलले असते, माणूस भेटलं नसतं.

इथं संशोधन काय सांगतं ते डोळ्यांसमोर होतं. २०२२ मध्ये अनेक दीर्घ अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात असं दिसलं, की आठवड्याला अडीच तास झपझप चालण्याइतकी हालचाल करणाऱ्यांना नैराश्य येण्याची जोखीम अजिबात हालचाल न करणाऱ्यांपेक्षा साधारण २५ टक्क्यांनी कमी असते. त्याच्या निम्म्या हालचालीतही ती सुमारे १८ टक्क्यांनी कमी असते. म्हणजे थोडंसुद्धा पुष्कळ असतं. पण हे आकडे आजार येण्याच्या जोखमीचे आहेत, आलेला आजार बरा होण्याचे नाहीत. शिवाय नैराश्यातलं माणूस मुळात बाहेर कमी पडतं आणि त्याला आजूबाजूचं सगळं जास्त वाईट दिसतं. त्यामुळं परिसरानं मन बिघडलं की मनामुळं परिसर नकोसा झाला, हे एका वेळच्या पाहणीतून ठरत नाही. आक्कांच्या बाबतीत क्रम तरी स्पष्ट होता. आधी घर बदललं, मग चालणं थांबलं, मग झोप गेली. दोन पुरांचा धक्का या सगळ्याच्या खाली होताच.

आणखी एक मुद्दा घरच्यांना समजावून सांगावा लागला. ‘दिवसभर घरात काम असतंयच की, अजून कशाला हालचाल?’ असं सून म्हणाली. घरकाम आणि रोजगाराचे कष्ट यांचा मनावर होणारा परिणाम आणि आपल्या मर्जीनं, लोकांत मिसळून केलेल्या हालचालीचा परिणाम सारखा नसतो. मोकळ्या वेळातल्या हालचालीशी मनाच्या आरोग्याचा संबंध जास्त ठळक दिसतो. नाहीतर ऊसतोडीच्या टोळ्यांत नैराश्य औषधालाही सापडलं नसतं.

दुसरा आधार गोव्यातल्या कामाचा. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना थोडक्या भेटींत एकच पद्धत दिली. मन लागेल तेव्हा करू असं न म्हणता, पूर्वी ज्यात जीव रमायचा ती कामं छोट्या तुकड्यांत पुन्हा सुरू करायची. तिचा उपयोग झाल्याचं २०१७ च्या अहवालात दिसतं. आम्ही तीच वाट धरली.

औषधाचा निर्णय वेगळा. गुण १६ आणि मरणाचे विचार, त्यामुळं डॉक्टरांनी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागात दाखवायला सांगितलं. तिथं गोळी सुरू करायचा सल्ला मिळाला. आक्का तयार नव्हत्या, “ती येड्याची गोळी” म्हणून. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, सवय लागत नाही, पण मनानं बंद करायची नाही, हे डॉक्टरांनी मुलासमोर शांतपणे सांगितलं. तेव्हा त्या घ्यायला लागल्या.

काय केलं

‘रोज ३० मिनिटं चाला’ असं आम्ही सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच, की संध्याकाळचं दूध गाडीत घालायचं नाही, आक्कांनी किटलीतून डेअरीत न्यायचं.

सून यावर पहिल्यांदा बिथरली. तिचं बरोबर होतं. ‘सासूला किटली घेऊन चिखलातून धाडते’ असं गाव म्हणणार, आणि ते बोल तिलाच ऐकावे लागणार. ही अडचण आम्ही आधी ओळखायला हवी, अशा जातीची आहे. सुनेची अब्रू सांभाळली नसती तर बेत दुसऱ्याच दिवशी बारगळला असता. तोड आशाताईंनी काढली. किटली लहान घ्यायची, दोन लिटरची, बाकी दूध गाडीत. त्या दुधाचं खातं आक्कांच्या नावावर, दहा दिवसांचं बिल त्यांच्या हातात. म्हणजे सून धाडत नाही, आक्का आपल्या दुधाचं बघायला जातात. डेअरीचे सचिव आणि गल्लीतल्या चार बायकांच्या कानावर हे मुलानं स्वतः घातलं.

सोबतीला माळावरच्याच एक मामी मिळाल्या. त्याही दूध गाडीत घालायच्या, त्याही घरातच असायच्या. पहिल्या आठवड्यात दोघी पोल्ट्रीपर्यंत जाऊन परत आल्या. कुत्री अंगावर आली.

मग पाणंदीकडं वळलो. पोल्ट्रीवाल्याशी मुलगा बोलला, संध्याकाळी पाच ते सात कुत्री बांधायची असं ठरलं, आणि त्यानं ते बहुतेक दिवस पाळलं. दोन फडांतला ऊस वाऱ्यानं वाटेवर आडवा झाला होता. मालकांनी तो उभा करून बांधून घेतला आणि कडेच्या सरीचा पाला काढला, त्यामुळं वाटेत उजेड आला. ग्रामसभेत मामींनी उठून दिव्याचं विचारलं. सभेत बोलायची त्यांची पहिलीच वेळ. पंचायतीनं आधीच असलेल्या दोन खांबांवर एलईडी बसवले. चिखलाच्या टप्प्यावर शेतकऱ्यांनी चार ट्रॉली मुरूम टाकला. पक्क्या पाणंद रस्त्याचा प्रस्ताव वेगळा गेला, तो अजून कागदावर आहे.

गुडघ्यांसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठण्या-बसण्याचा आणि मांडी घट्ट करण्याचा व्यायाम दाखवला. झिजलेल्या गुडघ्याला विश्रांतीपेक्षा बेताची हालचाल मानवते. हे आक्कांना पटायला मात्र डेअरीतल्या एका बाईचा अनुभव लागला, आमचं सांगणं पुरलं नाही.

दीड महिन्यानं गुण ११ वर आले. पहाटेची जाग चारच्या पुढं सरकली.

उसाचा हंगाम

नोव्हेंबरात तोड सुरू झाली आणि आमची बसलेली घडी विस्कटली. पाणंदीत ट्रॅक्टर-ट्रॉल्या, रात्रंदिवस. कडेला उभं राहायला जागा नाही. एके संध्याकाळी मामींच्या पदराला ट्रॉलीतला ऊस घासून गेला आणि दोघींनी जाणं बंद केलं. तीन आठवड्यांत आक्का पुन्हा आडव्या. गुण १४.

इथं दोन मार्ग होते. हंगाम संपेपर्यंत थांबायचं आणि गोळीवर भिस्त ठेवायची, किंवा वाट बदलायची. थांबणं म्हणजे मार्चपर्यंत थांबणं होतं. तेव्हा मुलानं सकाळी कामाला जाताना आईला दुचाकीवरून गावठाणात सोडायला सुरुवात केली. गल्ल्यांत ट्रॉली येत नाही. तिथं आक्का पूर्वीसारख्या चालायला लागल्या, देऊळ, जाऊ, गिरण, डेअरी. जुन्या घराची पुढची खोली उघडून झाडून घेतली. बचत गटाच्या बायका दुपारी तिथं बसायला लागल्या. दुपारच्या एसटीनं माळाच्या फाट्यावर परत. जुन्या घरात राहायला जाण्याचा प्रश्न दिवसापुरता सुटला, आणि या तोडग्यात आक्कांचं आधीचं म्हणणं अर्धं तरी मान्य झालं होतं.

जानेवारीअखेर आजूबाजूचे फड रिकामे झाले. माळावरच्या दारातून गावाचं देऊळ दिसायला लागलं. आक्कांनी ते आपणहून सांगितलं. परिसर म्हणजे रस्ता आणि दिवा एवढंच आम्ही धरून चाललो होतो, नजरेचा पल्ला आमच्या यादीत नव्हता. वर्षातले सात-आठ महिने उसाच्या भिंतीत राहणं काय असतं, हे माळावर राहणाऱ्या बायकांनाच विचारावं. माघात जोतिबाच्या खेट्यांना गल्लीतल्या बायका निघाल्या. आक्का एका रविवारी गेल्या, चढ सुरू होईपर्यंत पायी आणि पुढं गाडीनं.

परिणाम

२०२४ च्या उन्हाळ्यात गुण ६ वर होते. झोप सुधारली, मरणाचे विचार गेले. वजन फारसं उतरलं नाही, गुडघे अधूनमधून दुखतातच. यात गोळीचा वाटा किती, डेअरीचा किती, मामींचा किती, हे एका माणसावरून सांगता येणार नाही, आणि सांगायचा मोहही धरू नये.

जूनमध्ये आक्कांनीच विचारलं, आता गोळी बंद करूया का? बरं वाटायला लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायचं असतं. तो काळ भरत आला होता. पण समोर पावसाळा होता, पाणंद बंद पडण्याचे आणि नदीच्या बातम्यांचे दिवस. डॉक्टरांनी कमी करायला सुरुवात दिवाळीनंतरच करायचं ठरवलं. जुलैत पाणी चढायला लागलं तेव्हा आक्कांची झोप आठवडाभर मोडली, त्यावरून तो निर्णय योग्य वाटतो. त्याच आठवड्यात गल्लीतली दोन कुटुंबं माळावरच्या घरी मुक्कामाला आली, आणि आक्का दिवसभर चुलीपाशी आणि बायकांत होत्या.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

परिसराची पाहणी एकाच ऋतूत करून भागत नाही. पावसाळ्यात चिखल आणि ऊस, हिवाळ्यात ट्रॉल्या, चैत्र-वैशाखात ऊन. पहिल्या भेटीतच बारा महिन्यांचा तक्ता मांडला, तर नोव्हेंबरचा पर्याय ऑक्टोबरात तयार असेल आणि मधले तीन आठवडे वाया जाणार नाहीत.

सून आणि मुलाला पहिल्या दिवसापासून सोबत घेणं हेही तितकंच गरजेचं. आईला आराम देण्यात त्यांची माया होती. ‘तुम्ही तिला बसवून ठेवलंत’ असा सूर आमच्याकडून लागला असता तर दार बंद झालं असतं.

सर्वांत मोठा बदल पुराच्या आधीच करायला हवा. पूरग्रस्तांना नव्या जागी वसवताना पाणी, वीज, संडास बघतात. तिथून डेअरी, देऊळ, गिरण आणि जुनी गल्ली पायी किती दूर आहे, वाट बाईला एकटीनं चालता येईल अशी आहे का, शेजारी ओळखीचं कोण आहे, हे बघितलं जात नाही. हे प्रश्न ग्रामपंचायतीच्या पातळीवर विचारता येतात, त्याला मोठा निधी लागत नाही. आमच्या आशाताईंनी आपल्यापुरती सुरुवात केली आहे. पुरानंतर घर बदललेल्या माळावरच्या बायकांची यादी त्यांनी केली आहे, आणि तपासणीच्या दोन प्रश्नांआधी त्या आता एक तिसरा प्रश्न विचारतात, काल घराबाहेर कुठं गेला होतासा आणि कोण भेटलं?